रस्त्यातली ओळख

"सरोवराकाठच्या शर्यतीत यंदा आपलं सगळं ऑफिस धावणार!" असं नव्या साहेबांनी जाहीर केलं तेव्हा सागिनबेकच्या तोंडात खिमा भरलेला गरम साम्सा होता. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला 'नाही' म्हणता आलं नाही, आणि नुरदिन साहेबांनी ते होकारात धरलं.

पाटबंधारे कार्यालयात सागिनबेकची उभी हयात कालव्यांचं पाणी मोजण्यात गेली होती. पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. नुरदिन त्याच्या थोरल्या मुलाच्या वयाचा. बिश्केकहून बदलून आला होता आणि आल्याआल्या त्यानं ऑफिसातल्या खुर्च्यांची संख्या कमी केली होती. बसून राहिलं की माणूस लवकर मरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

"घाबरू नका हो, बाइके," थोरल्या भावाला हाक मारावी तसा तो सागिनबेकच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "वडीलधाऱ्यांसाठी पाच किलोमीटर आहे. चालत गेलात तरी चालेल. हाफ मॅरेथॉन मी बघतो. एकवीस किलोमीटर म्हणजे आपल्याला काहीच नाही."

घरी बायकोनं, आसिलकाननं, धावायचे नवे बूट पाहिले आणि विचारलं, "या वयात कोण धावतं? मागे कुत्रं लागलंय का?"

"साहेब लागलाय," सागिनबेक म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. रिमझिम वगैरे नाही. वर कुणीतरी कालव्याचं दार उघडून घरी निघून गेल्यासारखा. पलीकडचे डोंगर पुसले गेले होते. सरोवर कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सागिनबेक प्लॅस्टिकचा पांढरा अंगरखा डोक्यावरून ओढून उभा राहिला आणि आता हे रद्द होईल, मग रद्द होईल, म्हणून वाट पाहू लागला. रद्द होण्याऐवजी भोंगा वाजला. "मित्रांनो, पाऊस किरकोळ आहे!" असं त्यातून ऐकू आलं, मग भोंग्यात पाणी शिरलं आणि तो गुळण्या करायला लागला. त्या गुळण्यांतून सागिनबेकला एवढंच कळलं: "छोट्या पल्ल्याच्या लोकांनी कोक कमानीकडे जावं!"

आता, आभाळ कोक, गवतही कोक आणि करड्या घोड्यालाही कोकच म्हणतात. आजवर कुणा किरगिझ माणसाची या शब्दापायी अडचण झाली नव्हती. पण समोर कमानी दोन होत्या, एक आभाळाच्या रंगाची आणि एक गवताच्या रंगाची. सागिनबेकनं चष्मा पुसला, चष्मा पुन्हा भिजला. निळी कमान जवळ होती. तो निळ्या कमानीखाली जाऊन उभा राहिला.

सगळेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, त्यामुळे कुणाच्या छातीवर काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. आजूबाजूची माणसं जरा जास्तच सडपातळ आहेत एवढं त्याला जाणवलं. मग बंदूक उडाली आणि ती माणसं पाहतापाहता पावसात विरघळून गेली. सागिनबेक त्यांच्या मागून कधी चालत, कधी दुडकत निघाला.

तसा तो बेतानंच जात होता. सफरचंदांच्या बागा गेल्या, मशीद गेली, मेंढ्यांचा एक कळप भिंतीच्या आडोशाला उभा होता तोही गेला. पाच किलोमीटर इतके लांब असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. कालव्यावर तो जीपनं जात असे. शेवटी एका वळणावर लाल झेंडा घेतलेली, ओठ निळे पडलेली एक बाई दिसली.

"एजे, ताई, आता किती राहिलं?"

"पंधरा," ती म्हणाली.

पंधरा मिनिटं तर काय कशीही जातील, असं म्हणून सागिनबेकनं उरलासुरला जोर काढला. पंधरा मिनिटं गेली. मग आणखी पंधरा गेली. मग एका ओल्या टेबलावर केळी मांडलेली दिसली, आणि केळी देणाऱ्या म्हाताऱ्यानं कौतुकानं सांगितलं, "शाब्बास! अर्ध्यापर्यंत आलात!"

"कशाच्या अर्ध्यापर्यंत?"

"हाफ मॅरेथॉनच्या."

सागिनबेकनं हातातल्या केळ्याकडे पाहिलं. ते त्याला सोलवेना.

"मला घरी जायचंय," तो म्हणाला.

"मागून बस येते ना, थकलेल्यांना उचलायला. म्हणजे येत होती. ती चिखलात रुतलीय. बसमधले थकलेले लोक खाली उतरून बस ढकलतायत." म्हाताऱ्यानं त्याचं केळं सोलून दिलं. "पुढे डाव्या हाताला पांढरा तंबू लागेल. तिथे गरम चहा आहे. तिथे बसा."

गरम चहा! त्या दोन शब्दांवर सागिनबेक निघाला. चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता, म्हणून त्यानं तो खिशात टाकला. बुटांत पाणी पचपचत होतं. पावसाच्या पडद्याआड डाव्या हाताला एक चिखलाची गल्ली दिसली, गल्लीच्या टोकाला काहीतरी मोठं, गोल, पांढरं. समोर तीनचार माणसं उभी. तंबू! तो वळला, आणि नेमका त्याच वेळी उजव्या पोटरीत गोळा आला. असा गोळा की डोळ्यांसमोर काजवे चमकले. थांबावं तर पाय टेकवत नव्हता, धावावं तर उचलत नव्हता. उतारावरून तो तसाच लंगडत, हात पसरून, धडपडत धावत सुटला आणि जिवाच्या आकांतानं ओरडू लागला, "अरे बाबा रे! मेलो रे! बाबा... माझ्या बाबा रे!"

समोरची माणसं काठ्यांवर वाकली आणि तीही रडू लागली. "बाबा रे! आमचे बाबा गेले रे!"

त्यांतला एक तरणाताठा माणूस पुढे धावला. त्यानं सागिनबेकला मिठी मारली, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडला. काय ही आपुलकी, सागिनबेकला वाटलं, चहा तर नंतर देतील. मग त्याच्या नजरेला त्या माणसाच्या कमरेला बांधलेला सुतकाचा शेला पडला. पांढरा तंबू म्हणजे मयतासाठी अंगणात उभारलेला, लोकरीच्या नमद्याचा युर्त होता, आणि युर्तच्या आतून बायकांचा शोकाचा सूर येत होता.

मयताच्या घरी पुरुषानं लांबूनच धावत, मोठ्यानं रडत यायचं, ही रीत अजून कुणी मोडलेली नाही. पण हल्ली लोक दारापर्यंत गाडी आणतात, उतरून चार पावलं घाई करतात आणि घसा साफ केल्यासारखा आवाज काढतात. डोंगराएवढा पाऊस अंगावर घेत, चिखल तुडवत, पाय ओढत, खराखुरा टाहो फोडत आलेला माणूस त्या गावात कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

"बाइके, तुम्ही एवढ्या पावसात... पायी आलात!" तो मिठी मारणारा म्हणत होता. त्याचं नाव कालिबेक, गेलेल्या मामबेतालींचा मुलगा. "रस्ता बंद आहे ना आज, त्या शर्यतीपायी. सगळे नातेवाईक अडकलेत. नाहीतर अंगणात पाय ठेवायला जागा नसती. पण तुम्ही आलात!"

अंगणात पाय ठेवायला भरपूर जागा होती. कालिबेक, दोन म्हातारे आणि मोल्दो, म्हणजे गावचा मौलवी. बाकी पाऊस.

चूक सांगायची तर हीच वेळ होती. सागिनबेकनं तोंड उघडलंही. पण कालिबेकचे हात त्याच्या पाठीवर घट्ट होते, आणि त्याला एकदम आपले वडील आठवले. ते गेले तेव्हा तो ऑफिसातून बिनपगारी रजा काढून मॉस्कोत इमारतींना रंग देत होता. पोचला तो चाळिसाव्या दिवसाच्या विधीला. तोवर युर्त उतरवला होता, माणसं पांगली होती, आणि धावत यावं तर दारात कुणी उभंच नव्हतं. तेव्हा राहून गेलेलं काहीतरी आता घशातून वर आलं, आणि सागिनबेक एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. या वेळी पोटरीचा काही संबंध नव्हता.

त्याला आत नेऊन कोरडा कोट दिला, चहा दिला, पुढ्यात बोरसोकांचा, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा, ढीग ठेवला. कोटाखालून अंगरख्याचं प्लॅस्टिक कुरकुरत होतं.

"बाबांची नि तुमची ओळख कुठली?" कालिबेकनं विचारलं.

"रस्त्यातली," सागिनबेक म्हणाला. हे तसं खोटं नव्हतं.

इतक्यात मोल्दो आत आला. त्याच्या एका पायात बुटावरचा रबरी गलोश होता, दुसरा चिखलानं ओढून घेतला होता. "कालिबेक, ट्रक काही निघत नाही. चाकं आसापर्यंत रुतलीत. आणि कबरस्तानातून निरोप आलाय, खड्ड्यात पाणी भरतंय. ते बादल्यांनी उपसतायत, पण फार वेळ नाही उपसणार. नेलं पाहिजे."

"खांद्यावर नेऊ."

"कोण कोण?" मोल्दोनं मोजायला सुरुवात केली आणि लगेच संपवलीही. म्हाताऱ्यांपैकी एक काठीशिवाय उभा राहू शकत नव्हता. दुसरा काठी घेऊनही राहू शकत नव्हता. कबरस्तान महामार्गाच्या पलीकडे, टेकडीवर.

कालिबेक उठून दाराशी गेला. दाराबाहेर गल्लीकडे पाहत राहिला. "रस्ता बंद आहे ना," तो पुन्हा म्हणाला, पण आता कुणालाही उद्देशून नाही.

सागिनबेकनं चहाचा वाडगा खाली ठेवला. "मी माणसं आणतो," तो म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी महामार्गावर मागे राहिलेले लोक अजून येत होते. पुढचे कधीच घरी पोचून अंघोळी करून जेवायला बसले असतील. हे शर्यतीचं शेपूट होतं. सागिनबेक हात आडवे करून रस्त्यात उभा राहिला.

"अरे पोरांनो, थांबा! मयत आहे. खांदा द्यायला माणूस नाही."

पहिले दोघे विद्यार्थी होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मनगटावरची घड्याळं बंद केली आणि गल्लीत वळले. मयत ओलांडून पुढे जायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मग गेनादी नावाचा एक आडदांड रशियन आला. तो चड्डीवर होता आणि थंडीनं गाजरासारखा लाल झाला होता. "मला तुमच्या प्रार्थना येत नाहीत, पण उचलता येतं," तो म्हणाला. बँकेतल्या तिघी मैत्रिणी आल्या. त्या सरळ युर्तमध्ये जाऊन मामबेतालींच्या म्हातारीजवळ बसल्या आणि तिच्याबरोबर रडू लागल्या. त्यांचेही पाय दुखत होतेच. त्यांच्या बँकेतला शिपाई पुरुषांत थांबला. अशी बरीच मंडळी जमली.

सगळ्यात शेवटी, रस्त्याच्या अगदी कडेकडेनं, झाडांना धरत धरत एक आकृती आली. तोंडानं 'आई, आई' चाललं होतं.

"साहेब!" सागिनबेक म्हणाला.

नुरदिन दचकला. आधी त्यानं पाठ सरळ केली. मग समोरचा माणूस कोण ते त्याला कळलं. "बाइके? तुम्ही पाच किलोमीटरवाले ना? माझ्या पुढे कसे?"

"ते नंतर सांगतो. आधी खांदा द्या."

"माझा गुडघा..."

"गुडघा नाही, साहेब. खांदा."

नुरदिननं उभ्या आयुष्यात हाताखालच्या माणसाचं एवढं निमूट ऐकलं नव्हतं.

मामबेतालींना नमद्यात गुंडाळून तिरडीवर ठेवलं आणि मंडळी निघाली. महामार्गाशी लाल झेंडेवाली आणखी एक बाई आडवी आली. तिला सकाळपासून एकच गोष्ट पाठ करून दिलेली होती. "नंबर असल्याशिवाय मार्गावर यायचं नाही!"

सागिनबेकनं कोटाचं बटण काढलं, प्लॅस्टिक वर केलं आणि छातीवरचा नंबर दाखवला. "हा माझा. हे सगळे माझ्याबरोबर आहेत."

तिनं तिरडीकडे पाहिलं. झेंडा खाली आला. मग तिनं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

पुढे एक वेगळीच पंचाईत झाली. ज्यांच्या खांद्यावर तिरडी होती ते सगळे सकाळपासून धावत आलेले. पायांना सवय लागलेली. विद्यार्थ्यांनी नकळत वेग घेतला, गेनादीनं त्यांच्याशी पाऊल जुळवलं, आणि टेकडीच्या पायथ्याशी मामबेताली चांगल्या दुडक्या चालीनं निघाले. मोल्दो एका गलोशावर मागून पळत ओरडत होता, "सावकाश! अरे सावकाश! त्यांना आता कुठली घाई?"

"खड्ड्यात पाणी भरतंय ना, मोल्दो!"

"तरी पण! माणसाला मान असतो!"

दमलेला बाजूला होई, दुसरा शिरे. लंगडता नुरदिनही टेकडीभर बाजूला झाला नाही. कालिबेक पुढच्या दांड्याखाली होता आणि सारखा मागे वळून पाहत होता. त्याच्या मागे माणसंच माणसं होती, वाफाळणारी, चिखलानं माखलेली.

जनाज्याची नमाज कबरस्तानाच्या फाटकाशी झाली. अंघोळ-वजूचा प्रश्न मोल्दोनं आभाळाकडे बोट दाखवून मिटवला. गेनादी बाजूला टोपी काढून उभा राहिला, आणि पाऊस त्याच्या टकलावर वाजत राहिला. मग मोल्दो लोकांकडे वळला आणि विचारायचं ते विचारलं:

"लोकहो, मामबेताली कसा माणूस होता?"

याचं उत्तर सगळ्यांनी एका आवाजात द्यायचं असतं, आणि ते एकच असतं. पण खड्डा खणायला आलेले गावकरी आपापल्या बुटांकडे बघू लागले. एकानं बादलीची कडी सारखी केली. दुसऱ्याला खोकला आला. पाऊस पडत राहिला. कालिबेकची मान हळूहळू खाली जाऊ लागली.

"चांगला माणूस होता!" सागिनबेक ओरडला.

"चांगला माणूस होता!" विद्यार्थी ओरडले, गेनादी ओरडला, बँकेतला शिपाई ओरडला, काही माहीत नसलेले सगळेच पोटतिडकीनं ओरडले. टेकडी दुमदुमली. नुरदिनचा आवाज सगळ्यांत मोठा होता; ऑफिसात त्याचा उपयोग झाला नव्हता तो इथे झाला.

माती लोटायला लागले तेव्हा बादलीवाला गावकरी फावडं घेऊन सागिनबेकच्या शेजारी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कुठले तुम्ही?"

"रस्त्यातले."

"तरीच." त्यानं दोन फावडी माती ओढली. "रस्ता आज बंद आहे, बाइके. मामबेताली परवा गेला. काल रस्ता उघडाच होता. काल कोण आलं? या म्हाताऱ्यानं अख्ख्या गावाशी भांडण काढलं होतं. माझ्या मेंढ्या विहिरीवर येऊ दिल्या नाहीत. सख्ख्या भावाशी बोलायचा नाही. आणि तुम्हा धावणाऱ्यांवर तर त्याचा भारी राग! दरवर्षी बरोबर शर्यतीच्या वेळी गाई रस्त्यावर सोडायचा. गेल्या वर्षी पहाटे उठून रस्त्यावरचे बाण फिरवून आला. निम्मी माणसं दलदलीत गेली."

पलीकडून नुरदिनचं फावडं थांबलं. "दलदलीत?" तो म्हणाला. "बिश्केकहून धावायला आलो होतो मी. माझे नवे बूट गेले होते तिथे. ते... हे होते?"

"हेच."

नुरदिननं खड्ड्यात पाहिलं. मग त्यानं हातांवर थुंकी टाकली आणि दुप्पट जोमानं माती लोटायला लागला. ते पाहून कालिबेकचे डोळे पुन्हा भरून आले. साहेब लोकसुद्धा बाबांसाठी एवढं राबतायत!

सगळी मंडळी परत आली तेव्हा युर्तमध्ये मोठ्या कढईतून वाफ निघत होती. शंभर माणसांच्या बेतानं घोडा कापला होता, आणि सकाळपासून त्या मांसाकडे कुणी पाहिलं नव्हतं. धावणाऱ्यांनी पाहिलं. विद्यार्थी बोलेनासे झाले. गेनादीला तिसऱ्यांदा रस्सा वाढताना बायकांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा थोडी रया आली. दुःखाच्या घरात अन्न उरणं यासारखी नामुष्की नाही, आणि ते आता उरणार नव्हतं. बाहेर कुठेतरी भोंगा गुळण्या करत बक्षिसं वाटत होता. इकडे कुणी कान दिला नाही.

मामबेतालींची बायको, उमसुनाय आपा, काळ्या शालीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं सागिनबेकला बोलावून घेतलं. तो पाय ओढत गेला आणि तिच्यासमोर गुडघे दुमडून बसला. पोटरी पुन्हा ठणकली. आपानं त्याच्याकडे नीट पाहिलं. रडून डोळे सुजले होते, पण नजर पक्की होती.

"कालिबेक सांगत होता. तू सगळ्यांच्या आधी रडत आलास. धावत."

"हो, आपा."

"त्यांची नि तुझी जुनी ओळख, म्हणतो."

सागिनबेकला घाम फुटला. ओल्या कपड्यांत तो कुणाला दिसला नाही. कालिबेक दाराशी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होता. त्याला ऐकू जाणार नाही एवढा आवाज सागिनबेकनं खाली आणला.

"आपा, खरं सांगू का? मी त्यांना ओळखत नव्हतो. कधी पाहिलंही नव्हतं."

म्हातारीनं मान हलवली, फार दिवस घोळत असलेला हिशोब जुळल्यासारखी.

"तेच म्हटलं मी," ती म्हणाली. "ओळखत असतास तर धावत आला नसतास."

आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या वाडग्यात मांसाचा मोठा तुकडा टाकला.